जैतू काय म्हणाला

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पुण्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडमनी रोज थोडं लिहायला सांगितलं होतं. मी विचारलं, काय लिहू? त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'जे दिसेल ते.' पाटी अशासाठी, की मॅडमचा आवाज मला ऐकू येत नाही. डावा कान पूर्ण गेला. उजव्याला जाड आवाज येतो, बारीक येत नाही. बाबा बोलले तर कळतं. ट्रॅक्टर कळतो. हायवे रुंद करायचं काम चाललंय, तिथले सुरुंग तर पायातून कळतात. पण बायकामाणसं आणि लहान पोरं काय बोलतात ते नाही.

म्हणजे घरात बाबा सोडले तर सगळ्यांची नुसती तोंडं हलताना दिसतात. आई, बायको समीक्षा, आणि आमची राही. राही पाच वर्षांची आहे. सीमेवरच्या पोस्टवरून फोन लागायचा तेव्हा तिचा आवाज ऐकण्यासाठी मी कड्याच्या टोकाला जाऊन उभा राहायचो. आता ती समोर बसून गाणं म्हणते आणि मी बघतो.

सुट्टी मेडिकल बोर्ड होईपर्यंत आहे. बोर्ड काय ठरवेल माहीत नाही. मॅडमनी मे महिन्यातल्या त्या दिवसाचंही लिहायला सांगितलंय. आज नको.

दिसलं ते हे : दिवाळीनंतरही पाऊस पडत राहिला, त्यामुळे भात आडवं झालंय. बाबा रोज बांधावर जातात, एक लोंबी हातात चोळून बघतात आणि परत येतात.


६ नोव्हेंबर, गुरुवार

कापणी सुरू झाली. मी विळा घेऊन उतरलो. थोडं कापलं की तोल जातो, कानामुळे असं होतं म्हणे. बाबा म्हणाले, "तू बांधावर बस, भारे मोज." भारे मोजायचे नसतात, ते मलाही माहीत आहे. बसलो.

राही आता माझ्याकडे नेहमी समोरूनच येते. आधी लांब उभी राहते, मी बघितलं की मग जवळ. मी आलो त्या आठवड्यात ती मागून येऊन गळ्यात पडली होती तेव्हा मी जरा जोरात धरलं होतं तिला. आता शहाणी झाली आहे.

समीक्षा राहीला घेऊन आतल्या खोलीत झोपते. खुणेने सांगितलं, बाहेर उकडतं. मला तर आताशा थंडी वाजते.

कोयता जागेवर नाही. कुडाला खोचलेला असायचा. बाबांना विचारलं तर म्हणाले, शेजारी नेला असेल.


९ नोव्हेंबर, रविवार

बुधूकाकांचा फोन समीक्षाच्या मोबाइलवर आला. बुधूकाका म्हणजे जैतूचे वडील. समीक्षाने मला पाटीवर लिहून सांगितलं. (तिनेही पाटी आणलीय, राहीची.) 'विचारत होते ज्ञानेश्वर कसा आहे. बाकी काही नाही.'

बाकी काही नाही कसं असेल. माणूस सिद्धगडाच्या पायथ्याहून फोन करतो, रेंजसाठी टेकडीवर चढतो, ते काय माझा कान विचारायला?

जैतू आणि मी एकाच पल्टनीत. तो मुरबाडकडचा, मी शहापूरकडचा. आठ-नऊशे लोकांत ठाणे जिल्ह्यातले आम्ही दोघंच, म्हणून सगळे आम्हाला 'बॉम्बेवाले' म्हणायचे. मुंबई जैतूने नीट पाहिलीही नव्हती. सुट्टीला आम्ही एकत्र निघायचो आणि कल्याणला उतरून वेगळे व्हायचो. तो बारीक चणीचा होता, पण चढाला त्याच्याबरोबर कोणी टिकायचं नाही. घरी ठाकर आदिवासींची बोली, माझ्याशी मात्र माझ्यासारखंच बोलायचा. आईला फोन लावला की त्याची भाषा बदलायची, आणि चेहरासुद्धा.

त्याला गावी आणलं तेव्हा मी उधमपूरला बेशुद्ध होतो. मोठमोठे साहेब आले होते म्हणे, बंदुका झाडल्या, शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी होती. मी अजून त्याच्या घरी गेलेलो नाही.

समीक्षाला म्हणालो, बुधवारी जाऊ. तिने लिहिलं, 'कानाचं मशीन आल्यावर गेलं तर?' मशीन कधी येईल ते कोणाला ठाऊक. बुधवारीच जायचं.


१२ नोव्हेंबर, बुधवार

जाऊन आलो. बरं झालं गेलो.

मला गाडी चालवायला मनाई आहे, म्हणून समीक्षाने स्कूटी काढली आणि मी मागे बसलो. किन्हवलीवरून मुरबाड, तिथून म्हसा गावाच्या रस्त्याने पुढे. वाडीच्या तोंडाशी नवा चौथरा बांधलाय, त्यावर जैतूचा युनिफॉर्ममधला फोटो. फोटो भरतीच्या वेळचा आहे, त्यात तो शाळेतला पोरगा दिसतो.

घर तसंच आहे, कुडाचं. बुधूकाकांनी अंगणात खाट टाकली. जैतूची आई, रखमीकाकी, आतून आल्या आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या. मी खाली उतरायला लागलो तर काकांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. वाडीतली दहा-वीस माणसं कुंपणाला उभी होती.

काका जाड आवाजाचे आहेत, त्यांचं बरंचसं कळलं. म्हणाले, "तुमच्या साहेबाचं पत्र आलं व्हतं. वाचून दाखवलं मास्तरानं. शूर व्हता असं लिवलंय." मी म्हणालो, हो, होताच.

मग काकींनी माझा हात हातात घेतला. मान खाली घालून माझ्या बोटांकडे बघत काहीतरी विचारलं. तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे काहीच कळेना. एवढंच कळलं की विचारलंय, कारण सगळे गप्प झाले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी समीक्षाकडे बघितलं, ती खाली बघत होती. आता या माउलीला परत विचारा म्हणायचं? जोरात बोला म्हणायचं, इतक्या लोकांत? आई काय विचारणार, मला वाटलं, पोरगा सगळ्यांचा लाडका होता का, आमची आठवण काढायचा का. मी मान हलवली. म्हणालो, "हो काकी." त्या हलल्या नाहीत. म्हणून परत म्हणालो, "हो. खूप."

त्यांनी माझा हात हळूच माझ्या मांडीवर ठेवला आणि उठून आत गेल्या.

मला वाटलं चहा टाकायला गेल्या. चहा काही आला नाही, काकांनीच तांब्या आणून दिला. निघताना काकी बाहेर आल्या नाहीत. रडत असतील. रडल्या तर बरंच, मॅडम लिहून सांगायच्या, रडणं चांगलं.

काकींना बरं वाटलं असावं. मलाही छातीवरचं थोडं उतरल्यासारखं झालंय.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल येताना समीक्षाने एकदाही मागे वळून काही सांगितलं नाही. एरवी ती सिग्नलला, वळणाला हाताने खुणा करते. विचारलं तर मान हलवली, काही नाही. वारा लागला असेल. आज डोकं बांधून झोपली आहे.


२० नोव्हेंबर, गुरुवार

खळ्यावर झोडणी चालू होती. राही पेंढ्यावर उड्या मारत होती. मी खांबाला पाठ टेकून बसलो होतो. पाठ टेकलेली असली की मला बरं वाटतं.

हायवेवर सुरुंग उडाला. लांब होता, पण जमीन हलली. मी राहीवर झेप घेतली आणि तिला खाली दाबून धरलं. दुसरा येणार हे मला माहीत होतं. पहिल्यानंतर दुसरा येतोच, आणि पहिल्याला उठून उभा राहतो तो मरतो. दुसरा आला. तो संपेपर्यंत मी तिला सोडलं नाही.

उठलो तेव्हा झोडणी थांबली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. राहीचा ओठ फुटला होता आणि कोपर सोललं होतं. तिचं तोंड मोठं उघडं होतं, म्हणजे ती मोठ्याने रडत असणार. समीक्षाने तिला उचलून घरात नेलं.

बाबांनी मला पाणी दिलं. मी म्हणालो, "लागलं जरा, पण वाचली." बाबा म्हणाले, "हां, वाचली." आणि पाठमोरे झाले.


२२ नोव्हेंबर, शनिवार

राहीला तिचा मामा किन्हवलीला घेऊन गेला. त्याला भाचीची आठवण येत होती म्हणे. थोडे दिवस राहील. अंगणवाडी बुडेल, असं मी म्हटलं, पण कोणी मनावर घेतलं नाही.

जाताना ती गाडीवरून माझ्याकडे बघत होती. मी हात केला. तिने मामाच्या पाठीत तोंड लपवलं. मामाचं नवीन वेड आहे तिला सध्या.

घर अगदी शांत असेल, म्हणजे ज्यांना ऐकू येतं त्यांना.


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी समीक्षा मला खालच्या शेतात घेऊन गेली. भात निघालंय, नुसती धसकटं आहेत, चारी बाजूंना कोणी नव्हतं. मला कळेना हिला काय दाखवायचंय. मग लक्षात आलं. माझ्याशी काही गुपचूप बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडायला रान लागतं. पाटी ती घरीच ठेवून आली होती.

तिने माझ्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि घोगरा, पुरुषी आवाज काढून एक-एक शब्द टाकला.

"रखमीकाकींनी त्या दिवशी काय विचारलं, ते तुमाला ऐकू आलं व्हतं का?"

मी म्हणालो, "नाय."

ती मागे सरकली. माझ्याकडे बघत राहिली. मग बांधावर बसली. मी तिच्यासमोर बसलो, तेव्हा परत जवळ आली.

"मला वाटलं ऐकलं तुमी. मला वाटलं, ऐकून सांगताय."

"काय विचारलं त्यांनी?"

दोनदा तोंड कानाशी आणलं आणि मागे घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "त्यांनी विचारलं, माझ्या पोराचे लय हाल झाले का रं?"

मी काय उत्तर दिलं होतं, ते वर लिहिलेलं आहे. परत लिहीत नाही.

समीक्षाने पुढचंही सांगितलं. बुधूकाकांचे मधे दोन फोन येऊन गेले. काकी त्या दिवसापासून जेवत नाहीत. पेजेचा घोट घेतात, तोही काका बळंबळं देतात तेव्हा. उठून चौथऱ्यापाशी जाऊन बसतात. काकांनी एका शब्दाने मला दोष दिलेला नाही. समीक्षाने मला आधी सांगितलं नाही, कारण सांगावं कसं ते तिला कळत नव्हतं. म्हणाली, "तुमाला काय झालं असतं तर?" मला काय होणार आहे?

मग तिने विचारलं, "पण खरं काय झालं व्हतं?"

मी तिला कधी सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. आजही तोंड उघडलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली, आणि मग तिने स्वतःच्या तोंडावर पदर धरला. म्हणजे कळलं तिला.

माझं उत्तर चुकीचं असतं तर बरं झालं असतं. जाऊन चूक दुरुस्त केली असती, काकी, ऐकू आलं नाही हो, तसं काही नव्हतं, असं सांगून. आता जायचं तर जाऊन खोटं बोलायचं.


३० नोव्हेंबर, रविवार

बाबांना विचारलं. सगळं नाही सांगितलं, इतकंच, की असं असं झालं, काय करू.

बाबा पेंढ्याची उडवी रचत होते. हात थांबवला नाही. म्हणाले, "जा आन् सांग, काय कळलं नाय त्याला, झोपेत गेल्यावानी गेला."

"खोटं हाय ते बाबा."

"मंग?" बाबा म्हणाले. "तुला खरं बोलून काय भेटलं? बाय उपाशी बसली. म्हातारीला खरं घिऊन काय करायचंय? ती जेवली पायजे."

हे सोपं आहे. पण मला वाटतं, जैतूचं जे काही झालं ते त्याचं आहे. ते त्याने सोसलंय. मी जाऊन म्हणायचं की तसं झालंच नाही? साहेबांच्या पत्रात नाही, चौथऱ्यावर नाही. पाहिलं ते मी एकट्याने. मीच नाही म्हटलं, तर ते कुठे राहील?

दिवसभर हेच डोक्यात. बोर्डाची तारीख आली आहे, पंधरा डिसेंबर. त्याचं काही वाटत नाही. राही अजून मामाकडेच आहे.


३ डिसेंबर, बुधवार

मी एकटाच गेलो. समीक्षा येते म्हणत होती. मी म्हणालो, या वेळी मला कोणाकडे बघायचं नाही. तिने शहापूरच्या स्टँडवर सोडलं आणि मुरबाडच्या एसटीत बसवलं. कंडक्टरला काहीतरी सांगितलं, कारण तो सारखा माझ्याकडे बघून बोटाने खूण करायचा, अजून वेळ आहे, बसा. मुरबाडहून जीप. शेवटचा रस्ता पायी.

काकी अंगणातच होत्या. गेल्या वेळी काठीसारख्या ताठ होत्या, आता खांद्याची हाडं वर आलीत. मला बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला, एवढंच. आज कुंपणाला कोणी नव्हतं. बुधूकाका कुडाला शेण लावत होते, ते तसेच शेणाच्या हातांनी आले.

मी खाटेवर बसलो नाही, काकींसमोर जमिनीवर बसलो. आधी मोठ्याने सांगितलं. माझा आवाज किती मोठा होतो ते मला कळत नाही. "काकी, मला बायकांचं बोलणं ऐकू येत नाय. त्या दिवशी तुमी काय विचारलं, ते मला कळलंच नव्हतं. मला वाटलं, तुमी विचारलं, पोरगा लाडका व्हता का. म्हणून मी खूप म्हटलं."

त्यांनी वर बघितलं.

"तसं काय झालं नाय. एकच गोळा आला. जैतूला कळलंसुद्धा नाय. उभ्या उभ्या गेला."

एसटीत मी हे शब्द घोकत आलो होतो. म्हणताना कवायतीतल्या हुकुमासारखे बाहेर आले. काकी माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या. मग काही बोलल्या. त्यांचे ओठ मी बघत होतो, तरी नाही कळलं. मी काकांकडे बघितलं.

काका जवळ सरकले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ती म्हणती, पोरीची शपथ घे."

राहीचा फुटलेला ओठ माझ्या डोळ्यांसमोर आला. मी म्हणालो, "राहीची शपथ."

काकी उठल्या. भिंतीचा आधार घेत आत गेल्या. गेल्या वेळी गेल्या तशाच. मी आणि काका बसून राहिलो, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग छपरातून धूर निघायला लागला. काकींनी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणून माझ्यापुढे ठेवली. मी म्हणालो, तुमी घेतल्याशिवाय मी घेणार नाय. त्यांनी माझ्याच भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. किती तरी वेळ चावत होत्या. गिळवत नव्हतं. पण गिळला. मग दुसरा घेतला.

काका मला जीपपर्यंत सोडायला निघाले. वाडी मागे पडली, जैतूचा चौथराही मागे पडला. पुढे ओढ्याच्या कडेला मोहाची झाडं आहेत, तिथे काका थांबले. माझ्या उजव्या बाजूला आले.

"आता मला सांग," ते म्हणाले. "मला शपथ नको."

मी म्हणालो, "काका, सांगितलं ना."

"तिला सांगितलंस. तिचं तिच्यापाशी ऱ्हाऊ दे. मी बाप हाय."

मॅडमना हवं होतं ते मी आज लिहितोय. काकांना सांगितलं तेच लिहितो, जास्त नाही.

पहाटेपासून गोळे पडत होते. उजाडल्यावर थोडं थांबलं, म्हणून मी आणि जैतू पाण्याचे डबे आणायला बंकरच्या तोंडाशी आलो. पहिला गोळा जवळ पडला आणि बंकरचं तोंड कोसळलं. माझे पाय लाकडाखाली आणि रेतीच्या पोत्यांखाली अडकले. जैतू बाहेर फेकला गेला. माझ्यापासून तो इतक्यावर होता, की मी हात लांब केला तर बोटं त्याच्या बुटाच्या थोडी अलीकडे पडायची. त्याला पोटात लागलं होतं. तो शुद्धीवर होता. खालून स्ट्रेचर येणार होतं, पण गोळे परत सुरू झाले आणि कोणाला वर येता येईना. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो जिवंत होता.

तो माझ्याकडे बघून बोलत होता. सारखा. ओठ हलायचे, थांबायचे, परत हलायचे. आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याच गोळ्याने माझे कान गेले होते. मला वाटलं, आवाजच बंद झालाय सगळीकडे. मी ओरडत होतो, जैतू, ऐकू येत नाय, ऐकू येत नाय. पण माझं ओरडणं मलाही ऐकू येत नव्हतं. मी खरंच ओरडत होतो की नुसतं तोंड उघडत होतो, तेही मला माहीत नाही. त्याला वाटलं असेल, हा ऐकतोय आणि उत्तर देत नाही.

मग ओठ हलायचे थांबले.

काकांनी मधे एकदाही तोडलं नाही. वाळलेल्या शेणाची खपली हातावरून नखाने काढत होते. झाल्यावर म्हणाले, "शेवटाला काय बोलत व्हता?"

"तेच तर ऐकू आलं नाय काका."

"ओठ पाहिलंस ना?"

"पाहिले."

"कसं हलत व्हतं ते दाखव."

मी दाखवलं. हे मी आरशातही कधी केलं नव्हतं, पण ओठ आपोआप हलले. उघडले, मिटले, परत उघडले. काका माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघत होते.

"परत."

मी परत दाखवलं.

"परत एक वेळ. हळू."

तिसऱ्यांदा केलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ओठ धड हलेनात. काकांनी हात वर केला, पुरे. तोंड फिरवून ओढ्याकडे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने परत माझ्या कानाशी आले.

"आमच्या बोलीतलं हाय ते," म्हणाले. "घरचं. तुला ऐकू आलं असतं ना, तरी नसतं कळलं."

मी विचारलं, काय म्हणाला? ते म्हणाले, "तुला नाय कळायचं. तुझ्यासाठी नव्हतं ते. तू जिवाला लावून घेऊ नको."

माझ्याशी जैतू त्यांच्या बोलीत कधी बोलला नव्हता. पण अशा वेळी माणूस घरच्याच भाषेत बोलत असेल. काकांना कळलं, म्हणजे तसंच असणार. इतके महिने मला वाटायचं, तो मला काहीतरी सांगत होता, मला मागत होता. ते माझ्यासाठी नव्हतंच. हे ऐकून मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं. असं दोन्ही का वाटावं कळत नाही.

जीप भरायला वेळ लागला. काका रस्त्याच्या कडेला थांबूनच होते. मी पुढच्या सीटवर बसलो. ड्रायव्हरने गाडी वळवली तेव्हा मी आरशात बघितलं. काका तिथेच उभे होते, वाडीकडे वळले नव्हते. माझ्याकडे बघत नव्हते, कुठेच बघत नव्हते, आणि त्यांचे ओठ हलत होते. उघडायचे, मिटायचे, उघडायचे. थांबायचे, आणि परत पहिल्यापासून.

मला हाक मारतात असं वाटलं, म्हणून मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं.